घासाघीस

फोन गोड बोलतो, हीच त्याची खोड.
काळ्या रंगावरचे बारीक ओरखडे
तो न विचारता पुसून टाकतो,
आणि माझं नऊ तासांचं काम
नि हायवेवरच्या धुलाईचं दहा मिनिटांचं
एकाच पंगतीत नेऊन बसवतो.

म्हणून खिशात पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन निघालो,
भंगारातल्या एका ब्युइकचं, काळं, तळहाताएवढं.
अर्धं पॉलिश केलेलं, अर्धं मुद्दाम तसंच ठेवलेलं.
एस्पान्योलाहून सांता फे, चाळीस मिनिटं, वाळूचा वारा,
आणि शेजारच्या सीटवर भाचा डेसिदेरियो,
ज्याच्या मते मला हवा तो कॅमेरा
बाराशे डॉलरचा होता.
माझ्या खिशाच्या मते, दोनशेचा.
मधल्या हजारात काय मिळतं, विचारलं.
"उडत्या पक्ष्याचा डोळा धरतो तो. आपोआप."
बाबा रे, म्हटलं,
माझ्या गाड्या उभ्या असतात.

फर्मीनचं गहाणवटीचं दुकान.
गिटारी, करवती, कुणाकुणाच्या लग्नातल्या अंगठ्या,
काचेखाली सात कॅमेरे.
एकेकाला झाकणापुढे आणलं.
एकानं दोन्ही अर्धी सारखीच काळी केली.
एकाला काळ्यात काही दिसेचना,
पुढेमागे होत नुसता गुरगुरत राहिला.
दोन सुरूच झाले नाहीत.
पाचवा अकरा वर्षांचा. मुठीचं रबर
कुणाच्या तरी घामानं गुळगुळीत,
बटणांवरची अक्षरं उडालेली.
त्यानं सांगितलं: इथे ओरखडे आहेत, इथे नाहीत.
मग मी मोठं करून पाहिलं, तर
'नाहीत' तिथेही
माझ्याच मशीननं सोडलेली एक धुरकट लाट.

डेसिदेरियो हसला. मला घाम फुटला.
हाच, म्हणालो.

घासाघीस तर माझा धंदाच,
दिवसभर करतो, फक्त तोंडानं नाही.
फर्मीन दोनशे चाळीसवरून हलेना,
मी एकशे ऐंशीवर बसलेलो.
शेवटी दोनशे दहा,
वर त्याच्या ट्रकचे पिवळे पडलेले दिवे मी उजळून द्यायचे.
मग त्यानं ड्रॉवर उपसून
चकाकी कापणारी एक फिरती काच
फुकट दिली, म्हणजे फुकट म्हणून दिली.

त्याच संध्याकाळी ओर्लिंडा आर्चुलेटाची इम्पाला.
चौसष्टची, काळी, जमिनीला पोट टेकून बसलेली.
सूर्य डोंगराआड गेल्यानंतरचा पाव तास,
आभाळ उजळ आणि सावली कुठेच नाही.
काच फिरवली की दारातून मी नाहीसा,
थोडी उलटी फिरवली की परत हजर:
टोपी, ढेरी, गुडघ्यावर कॅमेरा.
बराच वेळ हेच करत बसलो.

मग पडद्यावर दिसलं,
ड्रायव्हरच्या दाराला, कुलपाभोवती,
ओरखड्यांचं कडं.
सकाळी नजरेतून निसटलेलं.
आधी ओला कागद, मग बोटाएवढं पॅड.
पावणेबाराला उठलो तेव्हा
तिथे काहीच नव्हतं.

सकाळी ओर्लिंडा आली. चाळीस वर्षं
शाळेची बस चालवलेली बाई, उगाच कौतुक करत नाही.
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान डोलावली.
किल्ली लावता लावता थांबली.
अंगठा कुलपाभोवती एकदा फिरवला,
मग एकदा उलटा.
"इथे होतं," म्हणाली.
काय?
"काही नाही. रात्री उशिरा आलं की
बोटांना कुलूप सापडायचं त्याच्यावरून."

पैसे पुरते मोजून दिले, वर दहा.
मला काय बोलावं सुचेना. आत जाऊन
कॅमेरा आणला, कालचा फोटो मोठा करून दाखवला.
तिनं चष्मा चढवला.
पडदा. दार. पुन्हा पडदा.

"हा छापून दे," म्हणाली. "बाकीचे तुझ्याकडेच ठेव."

आता प्रिंटर बघायचाय.
डेसिदेरियोच्या मते
चारशेच्या खाली चांगला मिळत नाही.