अदीन्री

साडेनऊला कुलूप निघतं.
आधी चपला.
एकवीस जोड, निम्म्यांचे डावे-उजवे बदललेले.
मी आता काही म्हणत नाही,
घरी जाईतो पाय आपली चूक शोधतात
किंवा नाही शोधत.

मग दूध. निंगव्वा पावडर घोळते.
ज्याच्या पेल्यात गुठळी, तो त्या दिवसाचा राजा.
हा नियम माझा नाही,
पण माझ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जातो.

माझा वर्ग मराठी, भिंतीपलीकडचा कन्नड.
भिंत वरपर्यंत गेलेलीच नाही,
कौलांखाली हातभर फट.
आम्ही म्हणतो, अ अननसाचा,
फटीतून येतं, अ अरस, म्हणजे राजा,
आणि भैरू हुंदरे डोळे मिटून डोलतो,
"अ अननसाचा अरस."
"काय करुलास रे?"
"म्हणुलोय बाई."
"कुठलं?"
"सगळं."

चिंचोके सकाळी शंभर देते मोजून,
दुपारी सत्त्याण्णव भरतात.
एक एकदा झुबेरच्या नाकात निघाला,
बिडीचा कंपाउंडर चिमट्यापेक्षा जास्त हसला.
बाकीचे कुठे जातात कोण जाणे.
वजाबाकी अजून शिकवली नाही,
पण ती सुरू झालेली आहे.

जूनमध्ये फळ्यावर "घर" लिहून वर रेघ ओढली
तर शिवलीला म्हणाली,
"बाई, वाळत घातलंय काय?"
तेव्हापासून रेघ म्हणजे दोरी,
काना विसरला की चिमटा पडला.
पलीकडच्या अक्षरांना दोरी नाही,
डोक्यावर नुसता तुरा.
म्हणजे तिकडे कोंबड्या, इकडे धुणं,
पोरांच्या लेखी फरक एवढाच.

फाट्यावरच्या पाटीवर कुणीतरी रात्री काळं फासलं.
भैरूला नवं नवं वाचता येतंय,
तो बोट लावून विचारतो,
"हे मधलं अक्षर कुठलं, बाई?"
मी त्याला म्हटलं, चल, पाऊल उचल.

आणि सतरा नंबर, यल्लव्वा.
सौंदत्तीकडची. मावसबहिणीचं बोट सुटेना
म्हणून माझ्याकडे, मराठीत.
कार्ड घेते, शिडीवरचं चित्र शोधते,
कार्ड जाग्यावर ठेवते,
पाटीची पेन्सिल खाते चारचौघींसारखी.
फक्त आवाज नाही.
नाव घेतलं की खाली बघते,
बाकीचे वीस जण ओरडतात, "हाय बाई, हाय!"
आणि मी रकान्यात ह लिहिते.
तपासायला आलेले साहेब शेऱ्यात लिहून गेले,
मूल बोलत नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी
पलीकडचे मास्तर बैठकीला खानापूरला गेले.
दोन्ही वर्ग माझ्याकडे, एका चटईवर चार चार.
आधी त्यांचा हजेरीपट.
माझं कन्नड लंगडं, नावं अडखळत गेली,
पण प्रत्येक नावाला पलीकडून नीट उत्तर,
"अदीन्री." "अदीन्री." "अदीन्री."
मग आमचा. हजर, हजर, हजर,
सोळा, हजर.
सतरा.

ती उभी राहिली.
फ्रॉकची एक बाही दुमडलेली, ओठांवर खडूची पांढरी रेघ.
"अदीन्री," म्हणाली.

कुणी ओरडलं नाही.
भैरूनं हळूच विचारलं, "ही तिकडची हाय काय?"
शिवलीला त्याच्यावर खेकसली,
"इथंच हाय की. आता सांगितलं न्हवं तिनं?"

रकाना एवढासा, एकाच अक्षराचा.
मी ह लिहिला, हात जरा हलला.
अठरा, झुबेर, उभा राहून म्हणाला, "अदीन्री!"
एकोणीसही तसंच.
वीसला तर म्हणताना हसूच आवरेना.
एकविसाव्यापर्यंत सगळा वर्ग नुसता कालवा झाला,
निंगव्वा पळी घेऊन दारात आली, काय झालं बघायला.

ती खाली बसली होती.
पाटीवर मान घालून काहीतरी गिरवत होती,
मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

दुपारी चिंचोके मोजले.
शहाण्णव.