खालच्या पट्टीतला बजर

लोटन आप्पा दुपारी तीनला आला,
मार्केटात कोणी नसतं तेव्हा.
पिकअप उतारावर उभी केली, मागच्या चाकाला दगड लावला
आणि इकडेतिकडे बघत म्हणाला,
"भो, हँडब्रेकले बजर लावी दे.
कोणले सांगू नको."

सांगायचं काय राहिलं होतं?
गेल्या बुधवारीच दोंडाईचाभर झालेलं:
वजनकाट्यापाशी पावती घ्यायला तो उतरला
अन् चाळीस पोती लाल मिरची त्याच्याशिवाय निघाली,
सावकाश, घाई नसल्यासारखी.
पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया
लुगडी सावरत दोन्ही अंगांना झाल्या.
निंबाबाईचा डबा तेवढा चाकाखाली गेला.
कळण्याची भाकर, ठेचा.
दुसऱ्या दिवशी आप्पानं नवा डबा नेऊन दिला.
ती म्हणाली, डब्याचं काय घेऊन बसलास,
मी नेमकी पाणी प्यायला उठले होते.

तेव्हापासून त्याला झोप नाही.
हे त्याच्या सुनेनं सांगितलं. त्यानं नाही.

मी सीटच्या कडेनं आत शिरलो.
दांडीच्या मुळाशी कंपनीचा एक स्विच असतो,
दांडी वर ओढली की दिवा लावतो.
म्हणजे तो ओढल्याची खूण ठेवतो, विसरल्याची नाही.
मला उलटं हवं होतं.
मोटारसायकलच्या क्लचचा जुना स्विच घासून बसवला,
दांडी खाली असली की जोडणारा.
तिथून वायर दाराच्या खांबातल्या बटणाला,
बटण बॉडीला. वरच्या बाजूला फ्यूज, मग बजर.
दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हाच ओरडायचं:
दार उघडं, आणि दांडी खाली.
नुसती दांडी खाली असली तर गाडी चाललेलीच असते. गप्प.
डाग देताना मिरचीचा धुरळा कथिलात जळला,
तीनदा शिंकलो,
एक सांधा पुन्हा केला.

"उघडा दार."

टीं करून असा वाजला की
पंक्चरवाला अकबर पिंजारी ट्यूब हातात घेऊन बाहेर आला,
गोणपाटावरचं कुत्रं उठून गेलं.
आप्पा एक पाय खाली, एक पाय वर,
माझ्याकडे बघत.
"चालू कर ना मग."
"चालूच आहे आप्पा."
"वाजी राहिना?"

टीं टीं टीं.

छत्तीस वर्षं डिझेल इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस.
कानातली वरची पट्टी
सुटलेल्या नटासारखी
बिजासनच्या घाटात कुठंतरी गळून पडली असणार,
मागे वळून कोण बघतो.
"बठ्ठास्ले आयकू येस," तो म्हणाला, "माले सोडीसन."
हसला. मग हसला नाही.
दांडी मीच ओढली.

फळीवरचे डबे उपसले.
रिव्हर्सचा भोंगा, त्यात आरती. नको.
अँबेसिडरचा हॉर्न. मार्केट पळेल.
तळाशी सापडला बंद पडलेल्या ऑइल मिलच्या पॅनेलमधला
काळा, वाटीएवढा, चोवीस व्होल्टचा.
बारावर तो अर्धवट उठतो,
घशातून बोलतो.

घर्रर्र.

आप्पाची मान वळली,
गोठ्यात म्हैस हंबरली की वळते तशी,
विचार न करता. मागोमाग हात गेला.
कट कट कट कट.
गप्प.

दांडी सोडली. घर्रर्र. कट कट कट.
पुन्हा. अजून एकदा.
किती वेळा ते मी मोजलं नाही,
अकबर मोजत होता.

पैसे देताना घासाघीस झालीच.
"पहिला बजरना पैसा देवाव नई.
तो तुना दुकानले लाव."

मग त्यानं गाडी सुरू करायच्या आधी
खाली उतरून चाकाखालचा दगड काढला,
हातानं झटकला,
आणि सीटच्या मागे, पाण्याच्या कॅनशेजारी,
जपून ठेवला.
मी काही म्हटलं नाही.