निरी

पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं,
गिरडकर मॅडमनी एखादं धुतलेलं ब्लँकेट
न झटकताच काखेत मारून आणलंय.
मग ब्लँकेट शिंकलं.

"कुत्री आहे, मोतीरामजी. चिनी जात.
नाव निरी."
मी म्हटलं, नाव बरोबर ठेवलं, बाई,
पण खोचायची कुठं हिला?

तीस वर्षं झाली, खामल्याच्या या कडुनिंबाखाली
मी सुरकुत्यांशीच भांडून राहिलो.
कॉलरची वेगळी, बाहीची वेगळी,
लिननची तर जन्माची हट्टी.
पाणी शिंपडा, कोळसा फुंका, दाबा,
संध्याकाळी मालकाच्या पाठीवर पुन्हा तीच.
आणि ही बया
कपाळावर सात घड्या घेऊन टेबलाखाली अशी बसते,
जसं काही माझंच राहून गेलेलं काम.

कान एवढेसे
की शेवटी कापडच उरलं नसावं,
सगळं गळ्यात गेलं, खांद्यात गेलं.
तोंड पाणघोड्याचं.
शेपूट पाठीवर चकलीसारखी, घट्ट.
जीभ निळी-काळी.
पोट्टे विचारतात, "काका, हिनं जांभळं खाल्ली काय जी?"
एप्रिलात कुठली आली जांभळं.

दिसते मऊ, पण हात फिरवून बघा:
कन्हानच्या पात्रात तळवा टेकल्यासारखी
वाळू,
उलटा फिरवला तर आणखी वाळू.

भुंकत नाही. लाड मागत नाही.
कोणी "अले अले" करत वाकलं
की मान वळवून पानठेल्याकडे बघते.
ओळख दाखवायचीच झाली तर एक भुवई
(भुवई कसली, घडीच ती)
अर्धा इंच उचलते.
गिऱ्हाइकांपैकी एवढं तरी कितीजण करतात?

मधे पापण्या आत वळल्या,
केस बुबुळाला टोचायला लागले.
सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात नेली.
"दोन चिमट्या घेतल्या," मॅडम म्हणाल्या,
"ब्लाउज आल्टर करतात ना, तशा."
आठ दिवस गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून
ती माझ्या टेबलाच्या पायाला धडकत राहिली,
आणि प्रत्येक वेळी टेबलाकडे असं बघितलं
की चूक टेबलाचीच.

मे महिन्यात मॅडम बँकेत जाताना तिला सोडून जातात.
पारा सेहेचाळीस.
घडीत ओल राहिली की आंबते, दह्यासारखा वास येतो.
म्हणून माझ्या जुन्या धोतराचं फडकं घेऊन
मी एकेक घडी बोटानं उचलतो,
आतून पुसतो,
आणि होती तशीच परत ठेवतो.
आयुष्यात पहिल्यांदा
सुरकुती होती तशीच परत ठेवतो.

दोन वर्षांत अंग भरलं तिचं.
पाठीवरच्या घड्या गेल्या की सगळ्या!
ना पाणी, ना कोळसा.
तोंडावरच्या तेवढ्या राहिल्या, खांद्यावरच्या थोड्या.
घरी सांगितलं तर पंचफुला म्हणाली,
"शाळेचा ड्रेस नाही का घेत आपण,
दोन बोटं मोठा, वाढती पोर म्हणून?
तसं शिवलं असंल कोणी."

तेव्हापासून गणवेशाचा गठ्ठा आला
की मी उगाच खालची दुमड उलगडून बघतो,
किती ठेवलंय आत.

रात्री आरशात मान बघितली.
माझंही माप कधीतरी बरोबर असणार.
आता ढिलं होऊन राहिलं.

सकाळी निरी आली.
माझा सदरा, नेहमीसारखाच, बिनइस्त्रीचा.
तिनं बघितलं, अर्धा इंच,
आणि निखाऱ्यांपासून लांब,
पाण्याच्या बादलीला टेकून
पसरली.