कोळंबी

रुस्तेम कामावरून येतो तेव्हा
उजवं मनगट ठणकत असतं.
दिवसभरात किती वेळा नाव घेतलं
तो मोजत नाही,
कंपनी मोजते.

इन्व्हरकार्गिलचं मेंढरू.
विजेचा हलका झटका, मग सुरी.
एका देशाला एवढं चालतं.
दुसरा लिहून मागतो:
सुरी लावली नसती
तर ते शुद्धीवर येऊन चरलं असतं का?
तिसऱ्याला झटकाच नको,
त्याचा शिक्का कपाटात, शाई वाळलेला.

एकदा पट्टा बंद पडला होता, सांगतो तो.
एक उठलं.
चरायला काही नव्हतं तिथे,
माझ्याकडेच बघत राहिलं.

मी नारळाच्या दुधात कोळंबी शिजवते,
मकास्सरला आई करायची तशी.
कोन्याला त्यांच्या घरी मासा चालतो,
आणि कोळंबी मासा नव्हे.
वेगळं पातेलं, वेगळा डाव.
बारा वर्षांत त्यावरून भांडण नाही,
भांडतो ते पडद्यांच्या रंगावरून.

आज एलमास आमच्या मधोमध बसली.
एक कोळंबी सोलली
आणि हातात धरून
त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने लिंबाची फोड उचलली.
वरून पिळली,
बोट न लावता.