बिबडे

जिनाच्या मागचं वावर, पळाट्या उपटून सपाट केलेलं.
मधोमध चुन्याचं रिंगण. बादली माझ्या हातात होती,
म्हणून मी अगदी पुढे.

केकोबादनं आधी दोन कोलांट्या मारून दाखवल्या.
चोपड्याचा आख्खा बाजार मान मोडून उभा;
शेनफडू न्हाव्याचा वस्तरा उघडाच,
गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं.

मग चिठ्ठी निघाली:
सरकीच्या ढिगावरची ठगूमावशी.
पाच रुपयांची फेरी, फुकट.
तिनं पदर खोचला, वहाणा काढून माझ्याकडे दिल्या
आणि देवळाची पायरी चढावी तशी
पंखावर पाय ठेवून आत बसली.

वर सातपुडा तिरका झाला असेल,
तापी सुतळीएवढी.
आम्हाला काय ठाऊक!
वळताना इंजिन जरा मंदावलं
तेव्हा एक आरोळी तेवढी खाली आली.
केकोबादला वाटलं बाई भ्यायली.
त्यानं घाईनं विमान टेकवलं.

लोक धावले. काय दिसलं, मावशी, काय दिसलं?
ती धुळीतून सुसाट निघालेली, अनवाणी:
"माय वं! मनी बकरी धाबावर चढनी,
समदा बिबडा खाई गयी!"

निम्मे वाचले.

पुढे कधीही आभाळात घरघर झाली
की गाव वर बघायचं,
ठगूमावशी धाब्याकडे.

एकदाच, वाळवण घालताना,
ओल्या पिठात हात तसाच ठेवून म्हणाली,
वरून आपलं घर ओळखू येतं रे.
लगेच येतं.