तुझा पहारा

रायबंदरच्या धक्क्यावरून दिवाडीला जायला फेरीबोटीला
पाच मिनिटं लागतात. भरतीला सहा.
कायतानने ती पाच मिनिटं एकतीस वर्षं चालवली
आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला,
रिक्षांच्या हुडांच्या ढिगावर बसून म्हणाला,
मेस्त, शीड शिवशील?

ताडपत्री शिवणारी बाई मी.
शीड म्हणजे वाऱ्याला लावलेला खिसा, एवढंच मला कळलं.
तीन शिवणी घाल, तो म्हणाला,
आणि तिसरी उसवेल असं धरून चौथी.

दोन धडांची होडी त्याने माडांखाली बांधली, चार वर्षं.
लोक विचारायचे, दोघंच?
हो, दोघंच.
ज्यांना खरं काही विचारायचं होतं ते गप्प बसले.

मॉरिशसनंतर खाली उतरलो. खाली म्हणजे
नकाशावरची गावं संपून नुसते आकडे उरतात तिथे.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस.
तिथे वारा येत नाही, असतो.

एका धडाची होडी कलते,
भांडी सांडते, कुरकुरते, पुरे म्हणून सांगते.
ही कलत नाही, म्हणून कळत नाही.
टेबलावर चहाचा पेला सरळ उभा
आणि आपण आतल्या आत मोडायच्या बेतात.
म्हणून नियम असा: काटा पंचवीसवर गेला की शीड कमी करायचं,
मनाला विचारायचं नाही.
(असं एक लग्न मी जवळून पाहिलंय. माझंच.)

तीन तास तो, तीन तास मी.
एकोणचाळीस दिवस एकाच होडीवर होतो
आणि भेटलो असे नाहीच.
कोरडा बिछाना एकच. त्याची ऊब मी वापरायची,
माझी तो.
बोलणं वहीतून.
०३००. नैर्ऋत्य, ३८. लाटा मोठ्या. किसमूर झाकून ठेवलीय, खा.
०६००. पक्षी कालचाच. अजून पंख हलवलेला नाही. सोलं संपली.
०९००. भीती वाटली. आता नाही.
ही शेवटची ओळ कुणाची, आज सांगता येत नाही.
तिथे दोघांचंही अक्षर सारखंच वाकडं.

एका रात्री लाटेने मागून उचलून
होडीची दोन्ही नाकं पाण्यात खुपसायला घेतली,
तेव्हा कायतानने दोराला बांधून टायर सोडले मागे.
फेरीबोटीच्या कुशीला लटकतात तेच, चार,
खात्याच्या भंगारातून दोनशे रुपयांना आणलेले.
होडीचा वेग पडला.
दिवाडीच्या धक्क्याला घासून घासून गुळगुळीत झालेलं रबर
जगाच्या बुडाशी
आमचा पदर धरून बसलं.
त्याने मला उठवलं नाही. वहीत फक्त:
टायर चांगले. परत न्यायचे.

परत आणले. तीन.

आता तो फेरीबोटीत प्रवासी म्हणून बसतो,
सुकाणूकडे पाठ करून.
मी हूड शिवते, चौथी शिवण आपसूक पडते.
गिऱ्हाईक म्हणतं, एवढं कशाला, रिक्षाच आहे.
रात्री पलंग हलत नाही, त्यानेच दचकायला होतं.
कूस बदलली की पलीकडची बाजू थंड,
तिथून कुणी पहाऱ्याला गेलेलं नाही.

मग कधी तीनच्या सुमाराला फोन वाजतो,
नदीपलीकडून.
मेस्त, तुझा पहारा.
आणि ठेवून देतो.

मी शाल घेऊन गॅलरीत बसते.
दिवाडीवरचा एक दिवा विझतो.
खाजणाच्या मानशीतून पाणी आत येत असतं
किंवा बाहेर जात असतं, अंधारात नक्की दिसत नाही,
तरी बघत राहते.
पदेराचा भोंपू कोपऱ्यावर वाजला की आत येते,
बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिते:
०६००. वारा नाही. पहिली फेरी वेळेवर सुटली.