मापाड्याची नोंद

तीस वर्षं मी काट्यावर आहे,
म्हणजे काट्यापलीकडं, दुसऱ्यांचा गूळ तोलत.
परवा डॉक्टर मगदूमांनी मलाच चढवलं:
चौऱ्याण्णव.
"दहा उतरवा," म्हणाले,
जसं आम्ही यार्डात म्हणतो, गाडीतनं दहा रवे उतरवा.

लेकीनं, चारुशीलानं, मोबाईलमध्ये वही घालून दिली.
खाल्लं की लिहायचं. दिवसाला पंधराशे कॅलरी.
आपल्याला काय, आकड्याची सवय.
पंधरा दिवस एक आकडा इकडचा तिकडं होऊ दिला नाही:
सकाळी चहा नि चार खाऱ्या,
दुपारी भडंग, परत चहा, परत खारी,
रात्री उरलेल्यात बसेल तेवढा भात.
बेरीज चोख. दिवाणजीनं पाठ थोपटावी अशी.

आणि चार वाजता, ऐन सौद्यात,
हात कापायचे.
पावतीवर एक आणि नऊ सारखेच दिसायचे.
व्यापाऱ्यानं फोडलेल्या रव्याचा खडा
कधी तोंडात जायचा मला कळायचं नाही.
म्हणजे कळायचं. लिहायचो नाही.

दस्तगीर हमाल ट्रकच्या सावलीत फडकं सोडायचा:
दोन भाकरी, मटकीची उसळ, खर्डा,
कांदा बुक्कीनं फोडलेला.
एकदा म्हणाला, "काय चाललंय हो मापाडी तुमचं?
चिमणीगत टिपताय, नि भूक बैलाची."

त्या रात्री आडवा पडून हिशेब केला.
काटा दोन रव्यांना तीसच किलो म्हणतो.
एक पिवळाधमक, कणीदार, टिचकी मारली तर बोलणारा;
दुसरा हाताला चिकट, आषाढ लागला की पाघळणार.
वजन तेच. काटा खोटं बोलत नाही.
पण म्हणून व्यापारी काट्याकडं बघून बोली लावतो होय?
रवा फोडतो, वास घेतो, जिभेवर ठेवतो,
मग भाव.
माझ्या पंधराशेचा सौदा
मी न फोडताच केला होता.

दुसऱ्या दिवसापासून आकडा तोच ठेवला, माल बदलला.
शोभानं ज्वारीची भाकरी बांधून दिली, उसळ, वाटीभर दही,
चावायला वेळ खाणारं असलं सगळं.
तिसऱ्या का चौथ्या दिवशी घड्याळ बघितलं
तर सव्वापाच.
चार वाजून गेले होते, मला न विचारता.

डॉक्टर म्हणाले, शेवटी बेरीजच खरी.
खरी हो. मी कुठं नाही म्हणतोय,
बेरजेवरच घर चाललंय.
पण बेरीज पाळायला माणूस लागतो,
आणि तो चार वाजता जागेवर असावा लागतो.

काटा सध्या ब्याण्णववर अडलाय.
रविवारी मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून.
लिहिली. चारुशीलानं वाचली, बोलली नाही काही.

आज हंगामातला शेवटचा सौदा.
दस्तगीरनं फुटल्या रव्यातला खडा तळहातावर ठेवला,
"घ्या. एवढं चालतंय."
चावला नाही. गालात धरून ठेवला
बोली संपेपर्यंत.

मग वही उघडली
आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच असं लिहिलं:
गूळ, एक खडा.
वजन घेतलं नाही.